ओपन फाइल जपायची कशी: लेअर न गमावता सेव्ह आणि छपाई

फ्लेक्सच्या दुकानात, डीटीपीवाल्याकडे किंवा छापखान्यात दुरुस्ती घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओपन फाइल आहे का?" ओपन फाइल म्हणजे जिच्यात मजकूर अजून टाइप करून बदलता येतो, फोटो वेगळा हलवता येतो, मागचा रंग फोटोला धक्का न लावता बदलता येतो. ती नसेल आणि हातात फक्त जेपीजी असेल, तर तारखेतला एक आकडा बदलायलाही आधी खालची पार्श्वभूमी रंगवून घ्यावी लागते.

हे जमतं ते लेअरमुळे, म्हणजे मजकूर, फोटो, पार्श्वभूमी एकावर एक ठेवलेल्या वेगवेगळ्या थरांत असल्यामुळे. हे लेअर छपाईमुळे जातात असा एक समज आहे. खरं तर छपाई लेअरना हात लावत नाही. फोटोशॉपमधून प्रिंट दिली की दिसणाऱ्या सगळ्या लेअरचं मिळून एक चित्र प्रिंटरकडे जातं आणि फाइल जशीच्या तशी राहते. लेअर जातात ते सेव्ह करताना, आणि बहुतेक वेळा 'छापायला द्यायची आहे' म्हणून सवयीने फ्लॅटन केल्यावर, म्हणजे सगळे लेअर एकात मिसळून सपाट केल्यावर. त्यामुळे पुढे जे काही आहे ते एकाच गोष्टीभोवती फिरतं. मूळ फाइल वेगळी, छपाईची प्रत वेगळी, आणि फ्लॅटन, मर्ज, रंग बदलणं, अक्षरांचे आकार करणं हे जे काही करायचं ते प्रतीवर. उदाहरणं फोटोशॉपची घेतली आहेत, कारण बॅनर-पत्रिकेचं बरंच काम त्यात चालतं. बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल शेवटाकडे आहे.

कोणत्या फॉरमॅटमध्ये काय टिकतं

पीएसडीमध्ये सगळं टिकतं: लेअर, मास्क (लेअरचा भाग न पुसता झाकणारा), टाइप केलेला मजकूर, अ‍ॅडजस्टमेंट लेअर (फोटोला हात न लावता रंग बदलणारा), स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपून ठेवणारा लेअर), लेअर स्टाइल (अक्षरांच्या कडेसारखी सजावट). मर्यादा दोन आहेत. फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही आणि कोणतीही बाजू ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी चालत नाही. त्यापुढे पीएसबी हा फॉरमॅट घ्यायचा. त्यात एका बाजूला ३,००,००० पिक्सेलपर्यंत जाता येतं, बाकी सगळं पीएसडीसारखंच.

टिफमध्येही लेअर राहतात, ४ जीबीपर्यंत. पण ते मुख्यतः फोटोशॉपलाच कळतात. बहुतेक दुसऱ्या सॉफ्टवेअरला टिफमध्ये फक्त सपाट चित्र दिसतं, आणि तिथून कुणी ती फाइल फिरवून किंवा कापून पुन्हा सेव्ह केली की लेअर गेलेच. म्हणून लेअरवाली टिफ मूळ फाइल म्हणून ठेवू नये. दिसायला ती नेहमीच्या टिफसारखीच असते आणि कुणीतरी ती सहज उघडून सेव्ह करतं.

जेपीजीत लेअर नाहीत, पारदर्शकता नाही, आणि प्रत्येक वेळी सेव्ह करताना चित्र थोडं खराब होतं. पीएनजीत पारदर्शकता आहे, लेअर नाहीत. पीडीएफ मात्र दोन्ही प्रकारे वागते, तिच्याकडे खाली स्वतंत्रपणे येऊ.

पीएसडी सेव्ह करताना 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' असा पर्याय विचारला जातो. त्यावर टिक असली की लेअरच्या जोडीला पूर्ण चित्राची एक सपाट प्रतही फाइलमध्ये साठवली जाते. फाइल मोठी होते म्हणून लोक टिक काढतात. मग तीच पीएसडी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की चित्राऐवजी पांढऱ्या पानावर, सपाट प्रत नसल्याची एकच सूचना अनेक भाषांत छापलेली दिसते. फाइल बिघडलेली नसते. फोटोशॉपमध्ये उघडून टिक लावून पुन्हा सेव्ह केली की काम होतं. प्रेफरन्सेसमध्ये 'फाइल हँडलिंग'खाली हा पर्याय 'ऑलवेज'वर ठेवून द्यावा. हल्लीच्या डिस्कवर तेवढी जागा वाचवण्यात काही अर्थ नाही.

सेव्ह करताना पाय कुठे घसरतो

नेहमीचा अपघात असा घडतो. बॅनर तयार होतो, दुकानदार 'फ्लॅटन करून पाठवा' म्हणतो, लेअर मेन्यूतून 'फ्लॅटन इमेज' केलं जातं, जेपीजी काढली जाते आणि फाइल बंद करताना फोटोशॉप विचारतं, बदल सेव्ह करायचे का? हात सवयीने 'हो'वर जातो. मूळ पीएसडी त्या क्षणी सपाट होते.

यावर उपाय म्हणजे जेपीजीसाठी फ्लॅटन करायचंच नाही. जेपीजी किंवा पीएनजी काढताना फोटोशॉप लेअर आपोआप एकत्र करून त्या फाइलमध्ये टाकतं. उघडी असलेली पीएसडी तशीच राहते. मे २०२१मध्ये आलेल्या २२.४ आवृत्तीपासून 'सेव्ह अ‍ॅज'च्या यादीत लेअर असलेल्या फाइलसाठी जेपीजी दिसतच नाही, त्यासाठी 'सेव्ह अ कॉपी' वापरावं लागतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एस. बरेच जण याला वैतागले आणि प्रेफरन्सेसमधून जुनी पद्धत परत चालू करून बसले. आमच्या मते नवी पद्धतच बरी आहे. चालू फाइल कोणती आणि प्रत कोणती याचा घोळ तिच्यात होत नाही.

दुसरी जागा म्हणजे टिफ सेव्ह करतानाची खिडकी. तिच्या तळाशी 'लेअर कॉम्प्रेशन' असतं: आरएलई, झिप, आणि तिसरा पर्याय 'डिसकार्ड लेअर्स अँड सेव्ह अ कॉपी'. छापखान्याला द्यायच्या टिफसाठी हा तिसराच निवडायचा. नावाप्रमाणे तो प्रत काढतो, मूळ फाइल उघडी आणि शाबूत राहते. वरच्या 'इमेज कॉम्प्रेशन'मध्ये एलझेडडब्ल्यू ठेवा. झिपने फाइल लहान होते, पण जुन्या फ्लेक्स मशीनच्या सॉफ्टवेअरला झिप केलेली किंवा लेअर असलेली टिफ कधीकधी उघडता येत नाही. मग तुमचं काम रांगेत मागे जातं.

तिसरी जागा पेनड्राइव्ह. पीएसडी थेट पेनड्राइव्हवर उघडून त्यावरच काम करत सेव्ह करू नका. मोठी फाइल लिहिली जात असताना पेनड्राइव्ह हलला किंवा काढला गेला तर फाइल अर्धवट राहते आणि पुन्हा उघडत नाही. आधी डिस्कवर कॉपी, काम झालं की परत पेनड्राइव्हवर.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर पीएसडी, टिफ, पीडीएफ काहीही असो, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाइल जाते. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवलेली जेपीजी वाटेत दाबली जाते, ती फ्लेक्सला लावली की चेहऱ्यांभोवती चौकटी दिसतात.

काम चालू असतानाच घ्यायची काळजी

फॉरमॅट बरोबर निवडूनही फाइल नावापुरतीच ओपन राहू शकते, कारण लेअर असतात पण आतला मूळ ऐवज गेलेला असतो. नेत्याचा किंवा नवरदेवाचा फोटो घेऊन लहान केला, एंटर दाबलं, आणि नंतर 'फोटो मोठा करा' म्हटल्यावर तो ओढून मोठा केला तर धूसरच होणार. लहान करण्याआधी लेअरवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' केलं असेल तर मूळ पिक्सेल आत सुरक्षित राहतात, कितीही वेळा लहानमोठा करा. 'रास्टराइझ' केलं, म्हणजे त्याचे साधे पिक्सेल केले, की हे सगळं संपतं.

तसंच खोडरबराऐवजी मास्क वापरा. रंगासाठी इमेज मेन्यूतल्या अ‍ॅडजस्टमेंटऐवजी अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्या. क्रॉप करताना वरच्या पट्टीतली 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'वरची टिक काढून ठेवा. ही तीन सवयी लागल्या की पुढचा निम्मा त्रास वाचतो.

स्मार्ट ऑब्जेक्ट दोन प्रकारचे. फाइलच्या आत साठवलेला, आणि बाहेरच्या फाइलला जोडलेला. जोडलेला असेल तर मूळ फोटोचा फोल्डर हलवला की लेअरवर लाल प्रश्नचिन्ह येतं आणि त्या जागी जुनी ढोबळ प्रतिमा राहते. अशी फाइल दुसऱ्याला देताना फाइल मेन्यूतलं 'पॅकेज' वापरा, जोडलेले फोटो एका फोल्डरमध्ये गोळा होतात. फॉन्ट मात्र स्वतः वेगळे ठेवावे लागतात.

मोठ्या आकारांचा हिशेब

फुटांना १२ ने गुणा, मग डीपीआयने (एका इंचात किती पिक्सेल) गुणा, पिक्सेल मिळतात. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ८,६४० बाय ५,१८४ पिक्सेल होतो. पूर्ण भरलेला एक आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा) लेअर म्हणजे दाबण्याआधी सुमारे १३४ एमबी. असे दहा-बारा लेअर झाले की साधा कॉम्प्युटर धापा टाकायला लागतो आणि मग माणूस 'हलकी करण्यासाठी' लेअर मर्ज करत सुटतो. मर्ज करण्यापेक्षा काम अर्ध्या आकारात, म्हणजे ५ बाय ३ फूट ७२ डीपीआयला करून छपाईची प्रत मोठी करणं परवडतं, फक्त फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असले पाहिजेत.

४० बाय २० फुटांचं होर्डिंग ७२ डीपीआयला करायला गेलात तर एक बाजू ३४,५६० पिक्सेल होते. पीएसडीची मर्यादा ३०,०००, त्यामुळे फोटोशॉप पीएसडी देणारच नाही. नेमक्या या वळणावर लोक घाईने जेपीजी करून मोकळे होतात. दोन मार्ग आहेत: पीएसबी म्हणून सेव्ह करा, किंवा डीपीआय ५० करा, म्हणजे २४,००० पिक्सेलमध्ये काम भागतं. एवढ्या मोठ्या होर्डिंगला लांबून बघताना ५० डीपीआय कुणाच्या नजरेत येत नाही.

आकार बदलताना 'इमेज साइझ' खिडकीतल्या छोट्या चाकावर क्लिक करून 'स्केल स्टाइल्स' चालू आहे ना ते पाहा. ते बंद असेल तर अक्षरं चौपट होतात आणि त्यांची पांढरी कड तेवढीच राहते, बॅनर एकदम किरकोळ दिसतो. चालू असलं तरी एक अडचण उरते. लेअर स्टाइलमधल्या कडेची जाडी २५० पिक्सेलच्या वर जात नाही. खूप मोठं करायचं असेल तर जाड कड वेगळा आकार म्हणून काढावी.

छपाईची प्रत: ए३ पोस्टर ऑफसेटला देताना

ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून सोडलेला जादा भाग) धरला तर ३०३ बाय ४२६, म्हणजे ३०० डीपीआयला ३,५७९ बाय ५,०३१ पिक्सेल. मूळ फाइल आरजीबीत, सगळ्या लेअरसह सेव्ह झालेली आहे असं धरू.

१. इमेज मेन्यूतून 'डुप्लिकेट' करा. खिडकीत 'डुप्लिकेट मर्ज्ड लेअर्स ओन्ली' असतं, त्यावर टिक नको. नव्या टॅबच्या नावात 'छपाई' असा शब्द टाका, म्हणजे कोणत्या फाइलवर हात चाललाय ते वर दिसत राहतं.

२. लेअर मेन्यूत 'डिलीट' खाली 'हिडन लेअर्स' आहे. डोळा बंद केलेले जुने फोन नंबर, आधीचे दर, नापसंत झालेले फोटो सगळे काढून टाका. प्रेसमध्ये कुणाच्या चुकून क्लिकने बंद लेअर उघडतो आणि जुना दर छापला जातो, हे होऊ शकतं.

३. मजकुराखालचे सगळे लेअर, अ‍ॅडजस्टमेंटसह, निवडा आणि कंट्रोल-ई ने एक करा. मजकूर वर वेगळाच राहू द्या.

४. एडिट मेन्यूतलं 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' उघडा, प्रेसने सांगितलेलं सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचं) प्रोफाइल निवडा आणि 'फ्लॅटन इमेज टू प्रिझर्व्ह अपिअरन्स'वरची टिक काढा. ती राहिली तर मजकूरही चित्रात जाऊन बसतो.

५. बारीक काळ्या मजकुराचा रंग पुन्हा द्या: सी ०, एम ०, वाय ०, के १००. आरजीबीतला काळा रूपांतरात चारही शाईंचा होतो, आणि चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांना लाल-निळी कड दिसते. मजकुराच्या लेअरचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरशी मिसळण्याची पद्धत) 'मल्टिप्लाय' केला की काळा खालच्या रंगावरच छापला जातो आणि अक्षराभोवती पांढरी फट राहण्याची भीती उरत नाही.

६. पीडीएफ म्हणून सेव्ह करा आणि ती उघडून ८०० टक्के मोठी करून पाहा. फोटोचे चौकोन दिसतील ते ठीक. अक्षरांची कड मात्र धारदार दिसली पाहिजे.

७. 'छपाई' टॅब बंद करा. सेव्ह करायचं का विचारेल, 'नाही' म्हटलं तरी चालतं, कारण मूळ फाइल दुसऱ्या टॅबमध्ये सगळ्या लेअरसह उभी आहे.

फ्लेक्ससाठी एवढी उठाठेव लागत नाही. प्रतीवर खुशाल फ्लॅटन करा, एलझेडडब्ल्यू टिफ किंवा १२ दर्जाची जेपीजी काढा. सीएमवायके हवं की आरजीबी हे दुकानदाराला विचारा, कारण काही जण रंगाचं रूपांतर मशीनच्या सॉफ्टवेअरवर सोडतात आणि त्यात लुडबुड केलेली त्यांना आवडत नाही.

मूळ फाइल सीएमवायके का करू नये

लेअर असलेल्या फाइलचा मोड थेट बदलायला गेलात तर फोटोशॉप एकामागून एक प्रश्न विचारतं: लेअर मर्ज करू का, स्मार्ट ऑब्जेक्ट रास्टराइझ करू का. 'हो' म्हणाल तर रंग बऱ्यापैकी तसे राहतात, पण लेअर जातात. 'नाही' म्हणाल तर लेअर राहतात, पण रंग सरकतात, कारण स्क्रीन, मल्टिप्लायसारखे ब्लेंड मोड आरजीबीत आणि सीएमवायकेत सारखा निकाल देत नाहीत. शिवाय 'व्हायब्रन्स' आणि 'ब्लॅक अँड व्हाइट'सारखे अ‍ॅडजस्टमेंट लेअर सीएमवायकेत चालतच नाहीत, ते टाकून दिले जातात.

छापल्यावर रंग कसे दिसतील एवढंच पाहायचं असेल तर मोड बदलायची गरज नाही. व्ह्यू मेन्यूच्या 'प्रूफ सेटअप'मध्ये प्रोफाइल निवडा आणि कंट्रोल-वाय दाबा. भडक भगवा आणि गर्द निळा किती मावळतो ते पडद्यावरच कळतं, फाइल आहे तशी राहते.

मराठी मजकूर: सगळ्यात आधी हाच बिघडतो

नव्या कॉम्प्युटरवर पीएसडी उघडली आणि मजकुराच्या लेअरवर पिवळा त्रिकोण दिसला, म्हणजे तो फॉन्ट तिथे नाही. घाबरायचं कारण नाही. लेअरला हात लावेपर्यंत मजकूर जुन्याच रूपात दिसतो आणि तसाच छापलाही जातो, फक्त पिक्सेलच्या रूपात. फाइल उघडताना 'व्हेक्टर छपाईसाठी टेक्स्ट लेअर अपडेट करू का' अशा अर्थाचा प्रश्न येतो (व्हेक्टर म्हणजे पिक्सेल नव्हे, कितीही मोठ्या केल्या तरी धारदार राहणाऱ्या रेषा), तिथे फॉन्ट नसताना 'नाही'च म्हणा. 'अपडेट' केलं किंवा अक्षरांवर डबल क्लिक केलं की दुसरा फॉन्ट बसतो, ओळी सरकतात, आणि श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर सगळं इंग्रजी अक्षरांचं भरताड होतं. या फॉन्टमध्ये 'क'च्या जागी आत भलतीच खूण साठवलेली असते. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही.

म्हणून नवं काम युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेली खूण देणारी पद्धत) फॉन्टमध्ये करावं. दहा वर्षांनी तो फॉन्ट मिळाला नाही तरी मजकूर मराठीच राहतो, दुसरा फॉन्ट लावून काम पुढे नेता येतं. युनिकोड टाइप केल्यावर 'कि'ची वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसत असेल किंवा जोडाक्षरं हलंत सुटी दिसत असतील, तर दोष फॉन्टचा नाही. पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. जुन्या आवृत्तीत आधी प्रेफरन्सेसच्या 'टाइप'मध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र आणून चिकटवतात, आणि ओपन फाइल तिथेच बंद होते.

प्रेसकडे फॉन्ट नसेल तर मजकुराचे आकार करून द्या, पण प्रतीवरच. टाइप मेन्यूतलं 'कन्व्हर्ट टू शेप' वापरा, कोरलड्रॉमध्ये त्यालाच कंट्रोल-क्यू. फोटोशॉपने नकार दिला तर कॅरेक्टर पॅनलमध्ये 'फॉ बोल्ड' चालू आहे का पाहा. खोट्या ठळकपणावर आकार होत नाहीत, तो काढून खरा बोल्ड फॉन्ट घ्या. आकार झाल्यावर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे प्रूफ वाचून झाल्यावरच हे करायचं. फॉन्टची फाइल प्रेसला देण्याआधी त्याचा परवाना तशी मुभा देतो का तेही पाहा.

छापखान्यात काम कोरलड्रॉवर चालत असेल तर लेअरवाली पीएसडी देऊ नका. कोरल ती घेतं, पण मजकूर आणि लेअर स्टाइल बदलू शकतात. चित्र टिफमध्ये आणि मजकूर वेगळा टाइप करून दिला तर त्यांनाही सोपं जातं. कोरलची स्वतःची फाइल द्यायची असेल तर त्यांची आवृत्ती विचारून सेव्ह करतानाच ती जुनी आवृत्ती निवडा, नव्या आवृत्तीची सीडीआर जुन्यात उघडत नाही.

पीडीएफची ती एक टिक

फोटोशॉपमधून पीडीएफ काढताना 'प्रिझर्व्ह फोटोशॉप एडिटिंग कॅपॅबिलिटीज' असं लिहिलेलं असतं. टिक ठेवली तर पीडीएफच्या पोटात अख्खी लेअरवाली फाइल भरली जाते. ती फोटोशॉपमध्ये उघडली की लेअर परत दिसतात, पण आकार प्रचंड वाढतो आणि ज्याच्या हातात पीडीएफ पडेल त्याच्याकडे तुमची ओपन फाइलही जाते. ग्राहकाला फक्त पाहायला पाठवलेल्या पीडीएफमधून डिझाइन उचललं जातं ते असं. टिक काढली तरी मजकूर आणि शेप व्हेक्टरच राहतात, फक्त आधी फ्लॅटन केलेलं नसावं. लग्नपत्रिकेतल्या बारीक मजकुराला याचा मोठा फायदा होतो. व्हेक्टर अक्षरं प्लेट काढणाऱ्या मशीनच्या पूर्ण ताकदीने, साधारण २४०० डीपीआयला उमटतात, सपाट टिफमधली मात्र ३०० डीपीआयवरच अडकतात आणि कडेला भुरभुरीत दिसतात.

मूळ फाइल म्हणून पीएसडी, छपाईला टिक काढलेली पीडीएफ. एकच पीडीएफ दोन्हीला वापरण्याचा मोह टाळलेला बरा.

प्रमाणपत्रं: लेअर ठेवल्याचा थेट फायदा

शाळेची दोनशे प्रमाणपत्रं करायची असतील तर नाव दोनशे वेळा टाइप करायची गरज नाही. नावाचा लेअर वेगळा ठेवा. इमेज मेन्यूच्या 'व्हेरिएबल्स'मध्ये त्या लेअरला 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' द्या आणि नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी यादी) 'डेटा सेट्स'मध्ये आयात करा. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केलेली हवी, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मग फाइल मेन्यूच्या 'एक्स्पोर्ट'मधून 'डेटा सेट्स अ‍ॅज फाइल्स' केलं की प्रत्येकाची वेगळी पीएसडी मिळते. आधी सगळ्यात लांब नाव घालून ते रेघेत मावतं का पाहा.

गिंप आणि मोबाइल

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २.८ आवृत्तीपासून 'सेव्ह' म्हणजे फक्त एक्ससीएफ (गिंपची स्वतःची लेअरवाली फाइल), बाकी सगळं 'एक्स्पोर्ट'. जेपीजी एक्स्पोर्ट केल्यावरही बंद करताना 'सेव्ह केलं नाही' असं तो बजावतो, ते बरोबरच आहे. एक्ससीएफ ठेवा. पीएसडीत एक्स्पोर्ट केलं तर लेअर टिकतात, पण मजकुराचं चित्र होतं, त्यामुळे फोटोशॉपवाल्याला देताना मजकूर वेगळा लिहून द्या.

मोबाइलवर पिक्सेललॅबमध्ये बॅनर करणाऱ्यांनी गॅलरीत इमेज सेव्ह करून थांबू नये, प्रोजेक्टही सेव्ह करावा आणि पीएलपी फाइल बाहेर काढून ड्राइव्हवर ठेवावी. जोडीला वापरलेले फॉन्टही. अ‍ॅप काढून टाकलं किंवा फोन बदलला तर आत राहिलेले प्रोजेक्ट परत मिळतील याची खात्री नसते.

चुकून सपाट फाइल सेव्ह झाली तर

फाइल अजून उघडी असेल तर काहीच बिघडलेलं नाही. सेव्ह केल्याने हिस्टरी पुसली जात नाही. हिस्टरी पॅनल उघडा, 'फ्लॅटन इमेज'च्या आधीच्या पायरीवर क्लिक करा, लेअर परत येतील, आणि लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करा. मात्र फ्लॅटननंतर ब्रशचे बरेच फटकारे मारले असतील तर जुन्या पायऱ्या यादीतून गळून गेलेल्या असू शकतात. पायऱ्यांची संख्या प्रेफरन्सेसच्या 'परफॉर्मन्स'मध्ये वाढवता येते.

बंद केली असेल तर फोटोशॉपच्या ऑटो-रिकव्हरीकडून आशा धरू नका. ती प्रोग्रॅम अचानक बंद पडल्यावर उपयोगी पडते, नीट बंद केलेल्या फाइलसाठी नाही. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या पाहा. त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात, महत्त्वाच्या आवृत्तीवर 'कीप फॉरएव्हर' लावून ठेवता येतं. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आधीपासून चालू असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' मिळतात. प्रेसला व्हेक्टर पीडीएफ दिली असेल तर ती मागवा, निदान मजकूर त्यातून कॉपी करता येईल.

यातलं काहीच नसेल आणि फक्त जेपीजी उरली असेल तर लेअर परत मिळवण्याचा मार्ग नाही, फाइल पुन्हा बांधावी लागते. जेपीजी सगळ्यात खाली ठेवून ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणा, मग लेअरला कुलूप लावा आणि वर नव्याने मजकूर टाइप करा. फॉन्ट ओळखायला 'अ', 'झ', 'ल' आणि 'श' ही अक्षरं पाहा, मराठी फॉन्टमधला फरक त्यांच्यातच लवकर दिसतो. फोटो ग्राहकाकडून पुन्हा मागवा, जेपीजीतून कापून घेतलेल्या चेहऱ्याभोवती जुन्या पार्श्वभूमीची कड राहतेच. पार्श्वभूमीवरची अक्षरं पुसायला कंटेंट-अवेअर फिल एकसारख्या रंगावर छान चालतं, नक्षीवर नाही. नक्षी असेल तर ती नवी शोधणंच लवकर होतं.